नॅशनल अवामी पक्ष (पाकिस्तान)

नॅशनल अवामी पक्ष (नॅप) : पाकिस्तानात प्रांतिक स्वायत्ततेची मागणी करणारा डाव्या विचारांचा पक्ष. स्थापना ढाका येथे जुलै १९५७ मध्ये; कायमची बंदी फेब्रुवारी १९७५ मध्ये. १९५५ साली पश्चिम पाकिस्तानातील प्रांत मोडून त्यांचे 'वन युनिट' करण्यात आले. त्याला विरोध करणारे पख्तून, बलुच व सिंधी नेते आणि पूर्व बंगालातील मौलाना भाशानी यांचे अनुयायी या पक्षात एकत्र आले. सरहद्द गांधी खान अब्दुल गफारखान आणि जी. एम. सय्यद हे त्यांपैकी प्रमुख. पुढे सोव्हिएत संघ व चीन यांच्यातील वादावरून पक्ष फुटला आणि पश्चिमेकडील मोठा गट गफारखान यांचे पुत्र वली खान यांच्या नेतृत्वाखाली राहिला. 'वन युनिट' १९७० मध्ये रद्द झाले. नोव्हेंबर १९७१ मध्ये लष्करी राष्ट्राध्यक्ष याह्याखान यांनी पक्षावर घातलेली बंदी झुल्फिकार अली भुट्टो यांनी सत्तेवर येताच उठवली. चारच वर्षांत त्यांनीच ती पुन्हा लादली. या दुसऱ्या बंदीने पक्षाची संघटना संपली, स्वायत्ततेची मागणी मात्र संपली नाही. ती मागणी सनदशीर मार्गाने मांडणारी माणसे तेवढी राजकारणातून हटवली गेली.

घटनाक्रम पाहिला की हे स्पष्ट होते. १९७० च्या निवडणुकीतील यशाच्या बळावर १९७२ मध्ये नॅप व जमियत उलेमा-ए-इस्लाम यांनी बलुचिस्तान आणि वायव्य सरहद्द प्रांतात संयुक्त सरकारे स्थापली. बलुचिस्तानात अताउल्ला मेंगल मुख्यमंत्री व घौस बक्ष बिझेन्जो राज्यपाल झाले. फेब्रुवारी १९७३ मध्ये इस्लामाबादच्या इराकी वकिलातीत शस्त्रसाठा सापडला. तो बलुच बंडखोरांसाठी असल्याचा आरोप करून केंद्राने मेंगल सरकार बरखास्त केले आणि निषेध म्हणून सरहद्द प्रांतातील सरकारनेही राजीनामा दिला. इतके होऊनही त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये संमत झालेल्या राज्यघटनेला वली खान व बिझेन्जो यांनी मान्यता दिली. ऑगस्टमध्ये मात्र मेंगल, बिझेन्जो व पक्षाचे बलुच नेते खैर बक्ष मरी तुरुंगात गेले. ८ फेब्रुवारी १९७५ रोजी भुट्टोंचे सहकारी हयात महंमद शेरपाव पेशावर विद्यापीठातील बॉम्बस्फोटात मारले गेले. त्यानंतर दोनच दिवसांत बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

बंदीचे समर्थक दोन मुद्दे मांडतात. पहिला असा, की पक्षाचे धागेदोरे सशस्त्र बंडाशी व काबूलशी जुळलेले होते. यात तथ्य आहे : पक्षाचे नेते अजमल खट्टक अफगाणिस्तानात गेले होते आणि काही कार्यकर्ते डोंगरात लढत होते. परंतु बलुच बंडाने खरा जोर धरला तो निवडून आलेले सरकार हटवल्यानंतर. मतपेटीतून मिळालेली सत्ता केंद्र काढून घेते, असे दिसल्यावर बंदुकीची भाषा करणाऱ्यांना आयते कारण मिळाले. दुसरा मुद्दा न्यायालयाच्या निर्णयाचा. पण ती सुनावणी आणीबाणीत झाली, वली खान यांनी तिच्यावर बहिष्कार टाकला आणि सिंधमधील हैदराबाद येथे नेत्यांवर चाललेला राजद्रोहाचा खटला निकालाविनाच राहिला. १९७७ च्या लष्करी उठावानंतर जनरल झिया यांनी तो गुंडाळून कैद्यांना सोडले. ज्या आरोपांवर पक्ष विसर्जित झाला, ते त्याच्या नेत्यांवर न्यायालयात कधीच सिद्ध झाले नाहीत.

बंदीनंतर शेरबाझ खान मझारी यांच्या नॅशनल डेमोक्रॅटिक पक्षाने उरलेल्या कार्यकर्त्यांना आसरा दिला. १९८६ मध्ये वली खान यांनी अवामी नॅशनल पक्ष स्थापन केला. बिझेन्जो संघराज्याच्या चौकटीतच राहिले. मेंगल लंडनला आणि मरी अफगाणिस्तानात गेले. २०१० च्या अठराव्या घटनादुरुस्तीने केंद्र व प्रांत या दोघांच्या अधिकारातील विषयांची समवर्ती सूची रद्द केली, प्रांतांचे अधिकार वाढवले आणि सरहद्द प्रांताला 'खैबर पख्तुनख्वा' हे नाव दिले. स्वायत्तता अखेर मिळालीच, मग बंदीने नुकसान काय झाले, असे कोणी म्हणेल. नुकसान त्या मधल्या ३५ वर्षांचे आहे. पख्तून राजकारण संसदेत परतले, बलुचिस्तानातील संघर्ष मात्र आजही धगधगतो आहे. त्याला नैसर्गिक वायूच्या उत्पन्नाची वाटणी, लष्करी कारवाया अशी इतरही कारणे आहेत. पण तेथील पहिले निवडून आलेले सरकार दहा महिनेही टिकू दिले गेले नाही, हा अनुभव त्या अविश्वासाच्या मुळाशी आहे. १९७५ मध्ये ज्या मागणीला देशाच्या अखंडतेचा शत्रू ठरवले गेले, तिचा मोठा भाग पाकिस्तानच्या संसदेनेच २०१० मध्ये घटनेत लिहिला. त्या बंदीचे मोजमाप याच कसोटीवर झाले पाहिजे.