शाळा अंगणांत आली

तीन वर्षांच्या मुलाला शाळेंत कशासाठीं घालावयाचें? विजापूर रस्त्याच्या बाजूस नव्यानें वाढलेल्या जुळे सोलापुरांत काय किंवा पुण्या-मुंबईंत काय, अक्षरओळख लवकर व्हावी म्हणून, असें या प्रश्नाचें उत्तर सहज दिलें जातें. महाराष्ट्रांतील बालशिक्षणाचा इतिहास मात्र निराळें उत्तर देतो.

१९०७ सालीं रोममधील सान लोरेंझो या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी यांनीं कामकऱ्यांच्या मुलांसाठीं बालगृह उघडलें. मूल स्वतःच्या हातांनीं करून शिकतें. शिक्षकानें सांगावें थोडें आणि पाहावें अधिक, हें त्यांचें सूत्र. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं भावनगरास बालमंदिर काढून तें आपल्याकडे रुजविलें. ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढें दादरच्या शिशुविहारामुळें ही पद्धति मुंबईच्या मध्यमवर्गापर्यंत पोंचली.

परंतु येथें एक विसंगति उत्पन्न झाली. गरिबांच्या मुलांसाठीं आरंभलेलें हें शिक्षण महागड्या साधनांमुळें सुखवस्तु घरांपुरतेंच राहिलें. ती दूर करण्यासाठीं ताराबाईंनीं १९४५ च्या डिसेंबरांत तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी गांवीं ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें. बालवयांतच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ तेथें त्यांच्या सहकारी झाल्या.

केंद्र उघडलें तरी गरीब वस्तीचीं मुलें येईनात. तेव्हां शाळाच मुलांकडे गेली. वस्तींतील एखाद्या अंगणांत मुलें जमवावीं, त्यांचे हातपाय धुवावे, केस विंचरावे, मग गाणीं, गोष्टी आणि खेळ, असा क्रम सुरू झाला. हीच अंगणवाडी. विकतच्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, खडे आणि पानें यांनीं घेतली.

या खेळांतून मुलाला काय मिळालें? लहानमोठ्या बिया निवडतांना नजर पारखी होते, आणि पुढें लेखणी धरावयाचीं बोटें आधीं वळणदार होतात. गोष्ट ऐकून ती सांगतांना शब्द वाढतात. खेळांत आपल्या पाळीची वाट पाहतांना संयम अंगीं येतो. अक्षरें त्यानंतर येतात, आणि सुखानें येतात.

१९५७ सालीं हें कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तींत गेलें. तेथील मुलें गुरें राखीत. म्हणून कुरणांतच शाळा भरूं लागली. मोठ्या बहिणीला धाकटें भावंड सांभाळावें लागे. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा यांची विकासवाडींत सांगड घालण्यांत आली. मुलाची अडचण हा त्याचा दोष न मानतां शाळेनेंच आपली रीत बदलली.

ताराबाई १९७३ सालीं निवर्तल्या. दोन वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. लसीकरण, पूरक आहार आणि पूर्वप्राथमिक शिक्षण एकत्र देणाऱ्या तिच्या केंद्रांना नांव मिळालें तें अंगणवाडी हेंच. वस्तीच्या अंगणांतील शब्द देशभर गेला.

नांव सर्वत्र पोंचलें. त्यामागील विचार पोंचवावयाचा उरला आहे. बिया निवडण्याच्या वयांत मुलाच्या हातीं पाटी देण्याची घाई करणाऱ्या शहरी घराला कोसबाडच्या टेकडीकडून अद्याप पुष्कळ शिकतां येईल.