पद्मिनीचे पाठभेद : जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार आणि मूळपणाचा प्रश्न

जीर्णोद्धार हा शब्द मराठी मनात प्रथम देवळाशी जोडला जातो. जीर्णोद्धार झाला असे म्हणताना, देऊळ पहिल्या दिवशी होते तसे पुन्हा उभे राहिले, असे आपल्याला अभिप्रेत नसते. शिखर नवे होते, सभामंडप वाढतो, मूर्ती मात्र तीच राहते आणि देऊळही तेच मानले जाते. भोर तालुक्यातील नसरापूरजवळचे बनेश्वराचे देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ मध्ये बांधले गेले. तेथील घंटेवर क्रूस आणि १६८३ हे साल कोरलेले आहे. चिमाजीअप्पांच्या १७३९ मधील वसई विजयानंतर आलेल्या घंटांपैकी ही एक मानली जाते. चर्चमधील घंटा शिवालयात वाजू लागली, तिचे काम बदलले. पण क्रूस कोणी घासून काढला नाही. आमच्या मते हे जीर्णोद्धाराचे एक समंजस सूत्र आहे : उपयोग बदलावा, खूण पुसू नये.

हे सूत्र जुन्या मोटारीला लावून पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. याच तालुक्यातील भोंगवलीसारख्या गावात घरच्या घरी जुनी मोटार पुन्हा चालती करू पाहणाऱ्याला शहरवासीयाकडे नसलेली एक मोठी गोष्ट उपलब्ध असते, ती म्हणजे जागा. गोठ्याशेजारची पडवी, महिनोन्‌महिने उघडे ठेवता येईल असे इंजिन आणि ट्रॅक्टरची ट्रॉली सांधणारा वेल्डर. अडचण येते ती पुढे. गाडी ‘मूळ’ रूपात आणायची असे ठरवले, तर ते मूळ रूप कोणते? साहित्याच्या अध्यापकांना हा प्रश्न अपरिचित नाही. पाठचिकित्सा शिकवताना आपण दरवर्षी त्याच्याशीच झुंजत असतो.

उदाहरणादाखल महाराष्ट्राच्या सर्वाधिक परिचयाची गाडी घेऊ : प्रीमियर पद्मिनी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर वसवणारे ते हेच उद्योगपती. कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी होई. पन्नासच्या दशकात फियाट आली. तूरिनच्या या कंपनीने १९५३ मध्ये सादर केलेली ११००-१०३ ही गाडी मुंबईत ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाऊ लागली. परकीय नाव मराठीत रुळले की त्याला असे घरगुती विशेषण चिकटतेच. पुढे १९६४ पासून ११०० डी येथे तयार होऊ लागली. ती आधी ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. इटलीत ११०० डीचे उत्पादन १९६६ मध्येच थांबले होते. कुर्ल्यात मात्र तिची वंशज गाडी २००० च्या सुमारापर्यंत बनत राहिली. मूळ संहिता जन्मभूमीत चार-पाच वर्षे जगली आणि तिचे रूपांतर परभूमीत साडेतीन दशके नांदले.

नावाचा योगायोगही विचार करण्यासारखा आहे. चितोडचा वेढा १३०३ मधला, तर पद्मिनीची कथा घडवणारे जायसीचे ‘पद्मावत’ १५४० मधले. दोहोंत सव्वादोनशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. त्या कथेचा शोध घेणाऱ्याच्या हाती लागतात ते एकापाठोपाठ एक रचलेले पाठ. मोटारीच्या बाबतीतही स्थिती फारशी निराळी नाही.

याचे कारण परवाना पद्धतीच्या अर्थव्यवस्थेत सापडते. आयात जवळजवळ बंद, उत्पादन मर्यादित आणि नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षा. अशा परिस्थितीत मिळालेली गाडी टिकवणे ही गरज होती. आजच्या अर्थाने तो छंद नव्हता. १०८९ घनसेंटिमीटरच्या त्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे बोअर झिजले की लेथवर किंचित वाढवून मोठे पिस्टन बसवत. वाढवायला जागा उरली नाही की स्लीव्ह घालत. सिलिंडरचा आजचा व्यास म्हणजे त्या गाडीच्या पुनर्जन्मांची गणतीच. पुण्याची नाना पेठ आणि मुंबईतील कुर्ला येथील सुट्या भागांच्या दुकानांनी या गाडीला कारखान्याइतकेच पोसले. पुढे मुंबईच्या टॅक्सींना सीएनजीची टाकी बसली, तेव्हा डिकीतील सामानाची जागा गेली आणि टपावरच्या कॅरिअरचे महत्त्व वाढले. कंपनीच्या कोणत्याही पुस्तिकेत नसलेले हे रूपच लाखो प्रवाशांच्या स्मरणातील पद्मिनी आहे.

या संदर्भात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९१९ मध्ये आरंभलेले हे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. प्रमुख संपादक वि. स. सुखटणकर यांनी व्यासांची स्वहस्तलिखित प्रत सिद्ध केल्याचा दावा केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांवरून जितके मागे जाता येईल तितके जाऊन संहिता निश्चित केली आणि उरलेले पाठभेद तळटिपांत व परिशिष्टांत जपून ठेवले. संपादकाने निर्णय घ्यावा, परंतु नाकारलेला पाठ नष्ट करू नये, ही ती शिस्त. मोटारींच्या क्षेत्रातही असाच विचार झालेला दिसतो. ऐतिहासिक वाहनांच्या ‘फीवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२ मध्ये स्वीकारलेली सनद तूरिनच्याच नावाने ओळखली जाते. वाहनाच्या आयुष्यात झालेले बदल हेही त्याच्या इतिहासाचे भाग आहेत आणि नव्याने केलेल्या कामाची नोंद राहिली पाहिजे, असा तिचा आशय आहे.

ही शिस्त पडवीत कशी उतरते? पद्मिनीचा सांगाडा आणि कवच एकसंध पत्र्याचे असल्याने तळाचा पत्रा व दारांखालच्या पट्ट्या गंजल्या की गाडीचे बळच कमी होते. तेथे कुजलेला पत्रा कापून नवा जोडण्यावाचून गत्यंतर नाही. पुट्टी भरून वर रंग देणे म्हणजे गहाळ ओळीच्या जागी स्वतःची ओळ घालून ती प्राचीन म्हणून खपवणे. इंधनाची बाब आणखी बोलकी आहे. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल रूढ झाले. इथेनॉल पाणी शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व इंधनपंपाचा पडदा यांना ते मानवत नाही. नीरेच्या खोऱ्यातील वाचकाला हे निराळे सांगायला नको की, या इथेनॉलचा काही भाग उसाच्या अर्थकारणातून येतो. शिवारातले पीक टाकीत येऊन पोहोचल्यावर इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवणे अपरिहार्य ठरते. मूळ नळ्यांचा आग्रह येथे गाडीला आग लागण्याचा धोका पत्करण्यासारखा आहे.

सुधारणांमध्ये तारतम्य करावे लागते ते येथेच. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन, डायनामोऐवजी आल्टरनेटर, रेडिअल टायर, सीटबेल्ट हे बदल बोल्ट खोलून मागे फिरवता येतात किंवा जिवाच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असतात. याउलट, स्टिअरिंगजवळचा हाताचा गिअर काढून टाकण्यासाठी बोगद्याचा पत्रा कापून जमिनीवरचा गिअर आणणे सोयीचे असले, तरी तो कापलेला पत्रा परत येत नाही. आणि तो हाताचा गिअर हे या गाडीचे व्याकरण आहे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा आणि केलेला प्रत्येक बदल तारखेनिशी वहीत लिहावा. ती वही म्हणजे त्या गाडीची तळटीप.

कायद्याची दृष्टी मात्र वेगळी आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘विंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेली, मूळ रूपात राखलेली आणि चासी, कवच व इंजिनात ठळक फेरफार न झालेली गाडी त्यास पात्र ठरते. तिला ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो, वीस हजार रुपये शुल्क पडते आणि नित्य वापरास मनाई असते. १९७४ च्या पद्मिनींनी ही वयोमर्यादा २०२४ मध्ये गाठली. सर्वसाधारण नोंदणीचे नूतनीकरण करून गाडी वापरण्याचा मार्ग खुला आहे, त्यामुळे नियम अन्यायकारक आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ‘वारसा’ ही प्रतिष्ठा त्यातून कोणाला मिळते, हे पाहिले पाहिजे. जी गाडी फारशी रस्त्यावर आली नाही, जिच्या धन्याला ती झाकून ठेवणे परवडले, ती मूळ राहिली. जिने लग्नाची वऱ्हाडे, बाळंतिणी आणि बाजाराची पोती वाहिली, जिचे इंजिन दोनदा बदलले, ती अपात्र ठरण्याची शक्यता अधिक. न वापरलेपणालाच आपण इतिहास म्हणू लागलो, तर वापरणाऱ्यांचा इतिहास कोठे नोंदवायचा?

३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. वीस वर्षांची मर्यादा शेवटच्या नोंदलेल्या टॅक्सीलाही लागू झाली. एक तरी टॅक्सी जतन व्हावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. ती जतन करताना सीएनजीची टाकी आणि टपावरचे कॅरिअर उतरवून, चकचकीत रंग देऊन १९७४ सालची पद्मिनी उभी केली, तर प्रेक्षकांना गाडी दिसेल. टॅक्सी दिसणार नाही.

म्हणून घरच्या पडवीत गाडी उघडणाऱ्याने संपादकाची भूमिका घ्यावी, असे आम्हाला वाटते. ब्रेक, नळ्या, तारा यांच्याबाबत वर्तमानाचे ऐकावे. पत्र्याखालचे जुने रंग, अनोळखी हाताने घातलेले डाग, नाना पेठेतून आलेला बिनकंपनीचा भाग यांच्याबाबत घाई करू नये. आधी छायाचित्र घ्यावे, वहीत लिहावे, मग ठरवावे. भोंगवलीच्या वेल्डरने घातलेला टाका उद्या कोणी वाचील तेव्हा त्याला तो टाका म्हणूनच वाचता आला पाहिजे.