तिरुवल्लिकेणीतली पोरवयाची कथा
साहित्य अकादमीचे बालसाहित्य पुरस्कार 2010 पासूनचे, म्हणून पोरवयाची घरातली घुसमट हा कादंबरीचा नवा विषय वाटतो. मला ते पटत नाही. 1901 साली जन्मलेल्या तमिळ लेखिका वै. मु. कोदैनायकी अम्माळ यांचं लग्न साडेपाचव्या वर्षी झालं, शाळा नाहीच. पहिलं नाटक त्यांनी मैत्रिणीला तोंडी सांगून उतरवून घेतलं. 1925 पासून मद्रासच्या तिरुवल्लिकेणीत ‘जगन्मोहिनी’ मासिक चालवत त्यांनी शंभराहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. त्या रडव्या आणि मोठ्यांसाठीच्या, हा आक्षेप बराचसा खरा. पण जिथे चौदा वर्षांची मुलगी संसारी बाई गणली जाई, तिथे कुमारांचं वेगळं साहित्य येणार कुठून? मराठीत हरिभाऊ आपट्यांची बालवधू नायिका यमूही आपले हाल मोठ्यांच्याच कादंबरीत सांगते.