दुय्यम घरे (सातारा-सांगली)
कायम वास्तव्य अन्यत्र असणाऱ्यांची गावाकडील घरे. सातारा जिल्ह्यात ही प्रथा जुनी : मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात (१८२७–३०) महाबळेश्वर थंड हवेचे ठिकाण म्हणून वसले आणि तेथे बंगले उभे राहिले. पुढे पाचगणी व कास परिसरात पुणे-मुंबईकरांची फार्महाऊस वाढली. त्यांतून गवंडी, माळी, राखणदार यांना काम मिळते. मात्र जमिनीचे भाव स्थानिकांच्या आवाक्याबाहेर जातात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र घोषित झाल्याने बांधकामांवर निर्बंध आले. सांगलीच्या खानापूर-आटपाडी भागात चित्र उलटे आहे : देशभर विखुरलेले सोने-चांदी गाळून शुद्ध करणारे गलाई व्यावसायिक मूळ गावी घरे बांधतात, ती यात्रा-लग्नकार्यांत गजबजतात, एरवी बहुधा बंद असतात.