रणगीत कागदावर उतरले त्याची कुळकथा

एप्रिल १७९२. फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारले होते. स्ट्रासबुर्गच्या महापौरांनी शब्द टाकला आणि रुजे द लील या लष्करी अधिकाऱ्याने एका रात्रीत ऱ्हाइनच्या सैन्यासाठी रणगीत रचले. ते लगेच छापले गेले. काही आठवड्यांत त्याचे कागद देशाच्या दुसऱ्या टोकाला पोचले आणि जुलैमध्ये मार्सेयचे स्वयंसेवक ते गातच पॅरिसमध्ये शिरले. गाण्याला त्यांच्या गावाचे नाव पडले ते कायमचे. पुढे युरोप-अमेरिकेत हा शिरस्ताच झाला. युद्ध पेटले की स्वरलेखनाची पाने छापायची, ती घरोघरी पियानोवर आणि छावणीत बँडवर वाजायची. १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली तेव्हा जॉर्ज कोहनचे ‘ओव्हर देअर’ याच वाटेने देशभर पसरले.

आपल्याकडे रणगीत होते, पण त्याचा कागद नव्हता. अफजलखानाच्या वधाचा अज्ञानदासाचा पोवाडा डफ-तुणतुण्याच्या साथीने एका शाहिराकडून दुसऱ्याकडे गेला. १८९१ साली इंग्रज अधिकारी अॅक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाड्यांचा संग्रह छापला. त्यामुळे शब्द वाचले, स्वर मात्र गाणाऱ्याच्या गळ्यातच राहिले. मराठी छापखान्याने यावर तोड काढली होती. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून एखाद्या ओळखीच्या गाण्याचा पहिला चरण द्यायचा. संगीत नाटकांची पुस्तके अशीच छापली जात आणि देशभक्तीपर गीतांच्या चोपड्याही. मूळ चाल ज्याच्या कानात असेल त्याचे काम त्यावर भागे. ज्याने ती कधी ऐकलीच नाही, त्याच्या हाती नुसती कविता राहायची.

तरीही इंग्रज सरकारला या चोपड्यांची धास्ती होती. इंग्रजांशी हे वैर जुनेच. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन सिद्दी जौहरच्या मदतीला गेले होते. त्याच वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले, बाजीप्रभूंनी खिंड लढवली आणि पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरवर चालून जाऊन वखारवाल्यांना कैद केले. सुमारे अडीचशे वर्षांनी विनायक दामोदर सावरकरांनी बाजीप्रभूंवर पोवाडा रचला, तेव्हा इंग्रज सरकारने तो जप्त केला. १९०९ साली त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांना देशभक्तीपर कविता छापल्याबद्दल जन्मठेप, काळ्या पाण्याची सजा झाली. गाण्याच्या छापील पानासाठी एवढी किंमत मोजणारी माणसे आपल्या मातीत झाली, हे राजापूर-रत्नागिरीच्या मुलांना ठाऊक असलेच पाहिजे.

स्वर कागदावर आणण्याचे काम याच काळात चालले होते. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी स्वतःची स्वरलिपी बसवली, पुस्तके छापली आणि काँग्रेसच्या व्यासपीठावर ‘वंदे मातरम्’ गायले. विष्णु नारायण भातखंडे यांची लिपी आणखी सुटसुटीत. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ. मंद्र सप्तकाचा बिंदू खाली, तार सप्तकाचा वर. समेला फुली, खालीला शून्य. सारेगम ओळखणारे पोर तेवढ्यावर न ऐकलेले गाणे जुळवू शकते.

बँडची अडचण निराळी असते. क्लॅरिनेट, कॉर्नेट, ट्रॉम्बोन या सगळ्यांची पट्टी एकच नसते, म्हणून प्रत्येक वाजवणाऱ्याला त्याच्या वाद्यापुरते पान वेगळे लिहून द्यावे लागते. त्यात मींड आणि बारीक हरकती बसत नाहीत. स्वर सरळ हवेत आणि ठेका पावलाला धरून हवा. ‘वंदे मातरम्’साठी हे काम अंगावर घेतले मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी. भास्करबुवा बखल्यांचा हा शिष्य, ‘प्रभात’च्या ‘माणूस’चा संगीतकार. स्वातंत्र्यापूर्वी मुंबई रेडिओवर हेच गीत गाताना प्रक्षेपण तोडले गेले, तेव्हा त्यांनी रेडिओवर बहिष्कार घातला होता. हे गीत परदेशी वाद्यवृंदांना जड जाईल, असे नेहरूंचे मत होते. त्याला कृष्णरावांनी वाजवून उत्तर दिले. झिंझोटी रागात सोपी, संचलनाला चालेल अशी चाल बांधली, मुंबईच्या पोलीस बँडकडून ती बसवून घेतली आणि दिल्लीला जाऊन घटना समितीच्या सभासदांना ऐकवली. २४ जानेवारी १९५० रोजी ‘जन गण मन’ राष्ट्रगीत ठरले आणि ‘वंदे मातरम्’ला बरोबरीचा मान मिळाला. कृष्णरावांच्या मनातला निर्णय झाला नाही. पण आपले गीत बँडला पेलते, हे त्यांनी सिद्ध करून दाखवले होते.

त्या कामाचा पुढचा टप्पा आपल्या हातात आहे. कोकणातल्या गावागावांत शाहिरी चाली अजून गायल्या जातात आणि शाळांची बँडपथके दर १५ ऑगस्टला संचलन करतात. त्या चाली भातखंडे लिपीत उतरवून घ्याव्यात, बँडसाठी प्रत्येक वाद्याचे पान तयार करावे आणि ते छापून शाळेशाळेत द्यावे. गावातला एक पेटीमास्तर आणि एक बँडमास्तर एकत्र बसले, तर एका सुट्टीत दोन-तीन पोवाडे सहज लिहून होतील.