जेलीवरची जांभळी अक्षरे

आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बुजुर्ग सरांनी मध्यंतरी मला एक जुनी उर्दू प्रश्नपत्रिका दाखवली. अक्षरे जांभळी आणि इतकी फिकट, की कागद खिडकीकडे धरल्याशिवाय वाचता येईना. सर म्हणाले, "बेटा, ही जेलीवर काढलेली कॉपी आहे."

या जेलीचे नाव हेक्टोग्राफ. 1856 मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज तरुणाला कृत्रिम जांभळा रंग सापडला. त्यानंतर आलेल्या अशा गडद रंगांच्या शाईमुळे 1880 च्या सुमारास हे साधन युरोप-अमेरिकेत पसरले. जिलेटिन, ग्लिसरीन आणि पाणी गरम करून पसरट ताटात ओतायचे. थंड झाले की जेली तयार. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडे-कातडी उकळून काढलेला पदार्थ. कॅप्सूल घेताना आपल्या घरात ज्याच्या हलाल-हरामची चर्चा होते, तोच हा. खास शाईने लिहिलेला कागद जेलीवर पालथा दाबला की अक्षरे तिच्यावर उलटी उतरत. मग कोरा कागद ठेवून हात फिरवला की ती सुलटी उमटत. 'हेक्टो' म्हणजे शंभर. पण चांगल्या प्रती पन्नासेकच निघत. काम झाल्यावर जेली पुन्हा गरम करून वितळवायची. जुना मजकूर तिच्यातच विरघळून जाई.

छापखाना नको, खिळे नकोत, वीजही नको. म्हणूनच ज्यांना छापण्याची मनाई होती, त्यांच्या हाती ही जेली गेली. झारच्या रशियात सेन्सॉरचा पहारा असताना 1894 मध्ये लेनिनची एक पुस्तिका गुप्तपणे हेक्टोग्राफवर निघाली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या झागान येथील छावणीत कैदी वैमानिकांनी खाण्याची जेली आणि कॉपिंग पेन्सिलीचे शिसे वापरून पलायनासाठी नकाशे काढले. मार्च 1944 मध्ये तिथून 76 जण भुयारातून निसटले. पकडल्या गेलेल्यांपैकी 50 जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

उर्दूवाल्यांना या साधनाची किंमत लगेच कळावी. नस्तालीकचे वळण खिळ्यांत नीट कधी बसलेच नाही. आपली पुस्तके कातिबाच्या हातच्या अक्षरावरून शिळाछापावर निघत. नूरी नस्तालीक संगणकावर आले ते 1981 मध्ये. जेलीला मात्र लिपी कोणती, डावीकडून की उजवीकडून, याचे काही नव्हते. हात जसा, तशी प्रत.

पण ही शाई उजेडात उडते. म्हणजे सरांचा तो कागद ज्या उजेडात धरून आम्ही वाचला, तोच उजेड त्याची अक्षरे खात होता. मी त्याची झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ कागद लिफाफ्यात घालून सरांना परत केला. "खिडकीपाशी ठेवू नका," एवढेच सांगितले. तुमच्याही घरातल्या पेटीत असा एखादा जांभळा कागद असेल. तो वाचता येतो आहे तोवरच त्याची प्रत काढून ठेवा.