परमचे ट्रान्सप्युटर आणि नातवाची यादी

गेले काही भाग आपण लढायांवर बोलतोय. आजचा विषय ऐकून तुमच्यातले काहीजण म्हणतील, साहेबांना झालंय काय! विषय आहे गेमिंग कॉम्प्युटरची जुळणी. पण थोडं थांबा, यातही इतिहास आहे आणि एक नकारही आहे.

मी राहतो आनेकलला, बेंगळुरूच्या दक्षिणेला. नातू दहावी झाला आणि ऐंशी हजारांत स्वतः मशीन जुळवायचं त्याने ठरवलं. सुटे भाग आणायचे एस. पी. रोडवरून. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, तसा आमचा हा बाजार. त्याची यादी मी पाहिली. प्रोसेसर सगळ्यात महागडा, कॅबिनेट रंगीत दिव्यांचं, ग्राफिक्स कार्डाला उरतील ते पैसे. आणि पॉवर सप्लायपुढे लिहिलं होतं, 'कुठलाही'.

त्याला म्हटलं, "बस इथे. मर्यादित पैशात मशीन कसं जुळवतात ते आधी ऐक."

१९८० च्या दशकात भारताला अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा होता. मागणी एक्स-एमपी/२४ ची होती. हवामानाचं गणित करणारं मशीन अणुबॉम्बचं आणि क्षेपणास्त्राचंही गणित करू शकतं, ही त्यांची भीती. मी तोफखान्यातला माणूस, त्यामुळे ही भीती मला खोटी म्हणता येत नाही. अमेरिकेचा एनिअ‍ॅक मुळात तोफांच्या मारापल्ल्याचे तक्ते काढायलाच बांधला होता. आम्ही देवळालीला तसलेच तक्ते घोटले. तर १९८७ साली त्यांनी कमी ताकदीचा एक्स-एमपी/१४ देऊ केला, तोही हवामानाच्या कामापुरता, अटी घालून.

मग १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली, विद्यापीठाच्या आवारात. प्रमुख डॉ. विजय भटकर, अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मुदत तीन वर्षं, पैसे सुमारे तीस कोटी. हेही मधलंच बजेट म्हणायचं! त्याआधी इथे बेंगळुरूतही सुरुवात झालेली होती. राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेत, म्हणजे एनएएलमध्ये, १९८६ साली 'फ्लोसॉल्व्हर' तयार झाला. बाजारात मिळणारे इंटेलचे प्रोसेसर एकत्र जोडून विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचं गणित त्याच्यावर करत. हे यंत्र फारसं कुणाला आठवत नाही, याचं मला वाईट वाटतं.

क्रेची ताकद मोजक्या, पण अतिवेगवान आणि महाग प्रोसेसरांत होती. तसा प्रोसेसर आपल्याला मिळणार नव्हता. म्हणून सी-डॅकने ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर घेतले. एकेकटा साधाच, पण प्रत्येकाला शेजाऱ्यांशी बोलायला चार लिंक. बॅटरीतल्या सहा तोफा एकेक करून नव्हे, एकदम धडाडतात, तसं काम वाटून घ्यायचं. १९९१ साली ६४ नोडचा 'परम ८०००' उभा राहिला. पुढे तो परदेशातही गेला.

आता इथे मी थोडा कडू बोलणार आहे. ही गोष्ट सांगताना आपण छाती फुगवून 'संपूर्ण स्वदेशी' म्हणतो. चिप आपली नव्हती. आपली होती ती जुळणी, नोडमधली जोडणी, आणि 'पारस' नावाची प्रणाली, जिच्याशिवाय ते चौसष्ट प्रोसेसर नुसते गरम झाले असते. माझ्या मते हे श्रेय पुरेसं मोठं आहे, त्यावर मुलामा नको.

नातू म्हणाला, "आजोबा, पण ते सायंटिस्ट होते, मला गेम खेळायचाय."

त्याला कागद दिला. पडद्यावर आडवे १९२०, उभे १०८० ठिपके. गुणाकार वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे बारा कोटींहून जास्त ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला. हे एका हुशार प्रोसेसरचं काम नाही, हजारो साध्या गणितज्ञांचं आहे. ग्राफिक्स कार्डात तेच असतात. म्हणूनच २०१२ साली अ‍ॅलेक्सनेट ही चित्रं ओळखणारी प्रणाली गेमिंगच्या दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकवता आली. आणि पुण्याचाच 'परम सिद्धी-एआय' नोव्हेंबर २०२० मध्ये टॉप ५०० यादीत ६३वा आला, तो एनव्हीडियाच्या ए१०० वर, म्हणजे त्याच घराण्यातल्या चिपवर. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने अशा चिपांच्या निर्यातीवर मर्यादा घालणारा नियम जाहीर केला. आपला देश मर्यादा असलेल्यांच्या गटात होता. मे महिन्यात तो नियम मागे घेतला, पण १९८७ ज्यांनी पाहिलंय त्यांना तो ओळखीचा वाटला असणार.

यादी पुन्हा लिहायला बसलो. सगळ्यात मोठा वाटा, सुमारे चाळीस टक्के, ग्राफिक्स कार्डाला. प्रोसेसर मधल्या दर्जाचा, कार्डाला उपाशी ठेवणार नाही इतपत. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या, म्हणजे माहिती दोन वाटांनी येते-जाते. ट्रान्सप्युटरच्या लिंकांचं महत्त्व त्याला इथे पटलं. एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी. मॉनिटर १०८० चाच, कारण त्याहून मोठा घेतला तर हे कार्ड धापा टाकेल. पॉवर सप्लाय ६५० वॉटचा, नावाजलेल्या कंपनीचा, त्यावर मी अडून बसलो. आनेकलला पावसाळ्यात वीज कशी येते-जाते हे मी जाणतो, त्यामुळे यूपीएसचे पैसे माझ्या पेन्शनमधून.

शनिवारी एस. पी. रोडला जायचंय. रंगीत दिव्यांवर वाटाघाटी अजून चालू आहेत.